विकतचे मत आणि कमावलेला वाचक





मोठ्या गटातल्या मुलांनी वर्गात एक प्रश्न विचारला. इंटरनेटवर अशी काही संकेतस्थळे आहेत, की जिथे आपण लेख लिहायचा, वाचकांनी त्याला मत द्यायचे आणि मते जितकी वजनदार तितके पैसे लेखकाला मिळायचे. अशा ठिकाणी मते विकतही मिळतात. मुलांचे म्हणणे असे, की चार डॉलर देऊन मते घेतली आणि पाच डॉलर मिळाले, तर त्यात बिघडले कुठे? कोणाच्या खिशात तर हात घातला नाही!

प्रश्न चांगला आहे. "असे करू नये" एवढे सांगून तो सुटणार नाही, कारण हिशेब वरवर पाहता बरोबर दिसतो. आम्ही पेशाने संगणक अभियंते. तेव्हा या लेखात उपदेश कमी आणि आकडेमोड जास्त असेल. प्रायमरी फाइव्हच्या पुढच्या मुलांना ती नक्की जमेल. लहानांनी आईबाबांना मदतीला घ्यावे, आणि आईबाबांना जमले नाही तर मोठ्या ताईला विचारावे!

मत म्हणजे काय?

वन पुंगोलच्या हॉकर सेंटरमध्ये आपण पहिल्यांदा जातो तेव्हा काय करतो? कोणत्या स्टॉलपुढे रांग मोठी आहे ते पाहतो. आपल्याला तिथल्या पदार्थांची नावे धड वाचता येत नसली तरी रांग वाचता येते. रांगेत उभा असलेला माणूस स्वतःचा वेळ आणि स्वतःचे पैसे घालवत असतो. त्याला तिथे उभे राहण्याबद्दल कोणी काही दिलेले नसते. म्हणून त्याच्या उभे राहण्याला अर्थ असतो. ती रांग म्हणजे आपल्याला फुकट मिळालेली माहिती.

आता समजा, एका स्टॉलवाल्याने वीस माणसे भाड्याने आणून उभी केली. रांग तेवढीच लांब दिसेल. पण ती आता जेवणाविषयी काहीच सांगत नाही. स्टॉलवाल्याने किती पैसे खर्च केले, एवढेच ती सांगते.

ही युक्ती आजची नाही. पॅरिसच्या नाट्यगृहांत १८२० च्या सुमारास टाळ्या वाजवणारी माणसे पुरवण्याचा रीतसर धंदा सुरू झाला होता. अशा टोळीला 'क्लाक' म्हणत. त्यांत कामाची वाटणी असे. कोणी योग्य जागी हसायचे, कोणी रुमाल काढून रडायचे, तर कोणी गाणे पुन्हा म्हणा असा आग्रह धरायचा. आपल्या संगीत नाटकांत 'वन्स मोअर'चा केवढा मान! एकेका पदाला रसिक पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' देत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. पण तोच 'वन्स मोअर' पगारी असला, तर गायकाला आपले पद खरोखर रंगले की नाही हे कसे कळणार? आणि टाळ्या विकत घेणाऱ्या गायकाच्या शेजारी जो खरोखर चांगला गात असेल, त्याच्या टाळ्यांचीही किंमत उतरते. कारण ऐकणाऱ्याला दोन्ही टाळ्या सारख्याच वाटतात.

थोडक्यात, मत ही एक मोजपट्टी आहे. वाचकाने आपला वेळ खर्चून दिलेले मत लेखाची लांबीरुंदी मोजते. लेखकाने पैसे देऊन घेतलेले मत लेखकाचा खिसा मोजते.

वर्गाचा गल्ला

आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. कोणाचे काही गेले का?

समजा, आपल्या वर्गात २० मुले आहेत आणि सर्व पालकांनी मिळून एक गल्ला ठेवला आहे. दर शनिवारी त्यातून १०० डॉलर मुलांच्या लेखांना वाटायचे. कोणाला किती, हे कुपनांवर ठरवायचे. एकूण १,००० कुपने निरनिराळ्या घरांत आहेत. ज्याला जो लेख आवडेल त्यावर त्याने आपली कुपने लावायची. कुपन खर्च होत नाही, दर आठवड्याला पुन्हा लावता येते. म्हणजे १,००० कुपने आणि १०० डॉलर, अर्थात एका कुपनामागे १० सेंट.

वर्गात एक काका आहेत. त्यांच्याकडे एकट्याकडे ४०० कुपने आहेत. म्हणजे दर आठवड्याला ४० डॉलर कोणाकडे जाणार, हे त्यांच्या हातात आहे. काका चष्मा लावून वीसही लेख वाचतात, त्यांतले चार निवडतात आणि प्रत्येकी १०० कुपने लावतात. त्या चार मुलांना दहा-दहा डॉलर मिळतात. काकांना मात्र दोन तास वाचूनही काही मिळत नाही.

एके दिवशी एक मुलगा म्हणतो, "काका, तुमची सगळी कुपने माझ्या लेखावर लावा. मी तुम्हाला ३० डॉलर देतो." काकांना ३० डॉलर मिळाले, तेही न वाचता. मुलाला ४० मिळाले, त्यातले ३० गेले, १० उरले. दोघेही खूश. कोणाच्या खिशात हात घातला नाही, नियमही मोडला नाही.

पण १० अधिक ३० बरोबर ४०. हे ४० डॉलर आले कुठून? गल्ल्यात तर तेवढेच १०० डॉलर होते. ज्या चार मुलांचे लेख काकांनी निवडले असते, त्यांचे ते ४० डॉलर होते. त्या मुलांना आपले काही गेले हे कळणारही नाही. त्यांना एवढेच दिसेल, की या आठवड्यात आपला लेख कोणाला फारसा आवडला नाही. पुढच्या आठवड्यात ती कमी लिहितील. पैशांपेक्षा मोठे नुकसान ते.

पुढची पायरी पाहा. काका आता जाहीर करतात, की ज्याला कुपने हवीत त्याने शुक्रवारी रात्री दहापर्यंत माझ्याकडे पैसे द्यावेत. ज्याचे जितके पैसे, तितक्या प्रमाणात मी कुपने वाटीन. एकीने २४ डॉलर दिले, दुसऱ्याने १२. एकूण ३६. काकांचे ४० डॉलर २ : १ या प्रमाणात वाटले गेले, म्हणजे तिला २६.६७ आणि त्याला १३.३३. दोघांचा थोडा थोडा फायदा झाला. पुढच्या आठवड्यात दहाला एक मिनिट कमी असताना तिसऱ्याने १२ डॉलर आणून दिले. आता एकूण ४८ झाले. पहिलीने दिले २४, तिला मिळाले २०. चार डॉलर बुडाले! नफा दिसला की माणसे धावतात आणि माणसे धावली की नफा संपतो. दर वेळी नक्की कमावतात ते एकटे काका.

मग इतर घरे म्हणतात, आपण तरी लेख कशाला वाचायचे? ती आपली कुपने काकांना भाड्याने देतात आणि दर आठवड्याला भाडे घेतात. लेख लिहिले जातात, पैसे वाटले जातात, फळ्यावर पहिला क्रमांक लागतो. फक्त वाचणारा कोणी उरत नाही.

हे खरोखर घडले

गल्ल्याची गोष्ट आम्ही रचली, पण तिचा साचा खरा आहे. २०१६ साली नेड स्कॉट आणि डॅनियल लॅरिमर यांनी 'स्टीम' नावाची व्यवस्था उभी केली. तिचे संकेतस्थळ म्हणजे 'स्टीमिट'. ४ जुलै २०१६ रोजी तिथल्या लेखकांना पहिल्यांदा पैसे वाटले गेले. हे पैसे म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर तयार होणारी नाणी, ज्यांना क्रिप्टो चलन म्हणतात. रोज काही नवी नाणी तयार होत आणि त्यांतला मोठा वाटा लेखांवर वाटला जाई. आपला गल्ला तो हाच.

कुपनांच्या जागी तिथे कुलूपबंद नाणी होती. ज्याने जितकी नाणी कुलपात ठेवली, तितके त्याच्या मताला वजन. लेखाचा हिशेब सात दिवसांनी होई. त्यातला तीन चतुर्थांश भाग लेखकाला आणि एक चतुर्थांश मत देणाऱ्यांना मिळे. मत देणाऱ्याला वाटा ठेवण्यामागची कल्पना चांगली होती. चांगले लेख शोधून काढणे हेही कष्टाचे काम आहे, त्याचा मोबदला मिळावा.

सुरुवातीला तिथे मतांच्या वजनाचा वर्ग करून पैसे वाटत. म्हणजे एका लेखाच्या मतांचे वजन दुसऱ्याच्या दहापट असेल, तर त्याला दहापट नव्हे, शंभरपट पैसे. त्यामुळे थोड्या लेखांना भरमसाट आणि बाकीच्यांना चिल्लर, असे होऊ लागले. जून २०१७ मध्ये नियम बदलला आणि सरळ प्रमाण आणले. लहान लेखकाला न्याय मिळावा हा हेतू. पण सरळ प्रमाण आल्यावर एका मताची किंमत किती, हे आधीच काढता येऊ लागले. आणि ज्याची किंमत काढता येते त्याचा बाजार भरतो.

तसा तो भरलाच. मते विकणारे संगणक-कार्यक्रम सुरू झाले. त्यांना 'बॉट' म्हणत. आपण नाणी पाठवायची, सोबत लेखाचा पत्ता द्यायचा. ठरल्या वेळी बॉट जमलेल्या पैशांच्या प्रमाणात मते वाटून टाकी. ही वेळ कोणती, हेही गमतीचे गणित आहे. पूर्ण ताकदीचे एक मत दिले, की २ टक्के ताकद खर्च होई आणि २४ तासांत २० टक्के ताकद परत भरून येई. म्हणजे दिवसाला १० मते. २४ भागिले १० बरोबर २.४, म्हणून कित्येक बॉटांची फेरी २ तास २४ मिनिटांची असे. शेवटच्या मिनिटाला पैसे लावण्याची धडपड तिथेही चाले. आणि आपली नाणी बॉटला भाड्याने देऊन घरबसल्या उत्पन्न घेणारेही होते.

मुले विचारतील, नफा उरत नव्हता तर लोक मते घेत का होते? कारण संकेतस्थळाच्या दर्शनी पानावर जास्त कमाईचे लेख वर लागत. मते विकत घेतली की आपले नाव वर दिसे. खरे पाहता ते जाहिरातीचे पान झाले होते, फक्त वर 'जाहिरात' असे लिहिलेले नव्हते.

इथे विकत घेणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत, आम्ही नवीन आहोत. मोठी नाणी असलेले लोक आपसांत मते देतात, आमच्याकडे कोणी पाहतही नाही. मग दिसायचे तरी कसे? ही तक्रार खोटी नव्हती. नवख्याला पहिला वाचक मिळणे सगळीकडेच कठीण असते. पण पैसे देऊन दर्शनी पानावर आलेला लेख दुसऱ्या एखाद्या नवख्याची जागा घेतो. दाराशी गर्दी झाली म्हणून सगळ्यांनी स्टुले आणली, तर पुढचे कोणालाच नीट दिसत नाही आणि स्टुले विकणारा तेवढा श्रीमंत होतो.

पैसे देऊन लोकांपर्यंत पोहोचणे हे मुळात वाईट नाही. दुकानदार वर्तमानपत्रात चौकट घेतो आणि वाचणाऱ्याला ती जाहिरात आहे हे ठाऊक असते. फसवणूक होते ती जाहिरातीला वाचकाच्या पसंतीचे कपडे घातले म्हणजे.

ऑगस्ट २०१९ मध्ये स्टीमचे नियम पुन्हा बदलले. लेखक आणि मत देणारे यांचा वाटा निम्मा-निम्मा झाला, म्हणजे प्रामाणिकपणे वाचून मत देणे परवडू लागले. शिवाय उणे मत देण्यासाठी थोडी वेगळी ताकद मिळाली. आधी उणे मत दिले तर स्वतःचीच ताकद खर्च होई, त्यामुळे फुगवलेल्या लेखाला खाली ओढायला सहसा कोणी पुढे येत नसे. आता विकत मते घेतलेल्या लेखांवर उणे मते पडू लागली. अनेक बॉट बंद पडले किंवा त्यांनी धंदा बदलला. माणसे तीच होती. नियम बदलल्याबरोबर त्यांचे वागणे बदलले, ही गोष्ट आमच्यासारख्या अभियंत्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गोष्ट तिथेही संपली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टीमिट कंपनी जस्टिन सन यांनी विकत घेतली. त्या कंपनीबरोबर नाण्यांचा मोठा साठा, म्हणजेच मतांचे मोठे वजनही आले. या वजनाच्या भीतीने ती नाणी गोठवण्याचा प्रयत्न झाला. उत्तरादाखल मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या नाणेबाजारांनी ग्राहकांनी आपल्याकडे ठेवलेली नाणी वापरून मते दिली आणि व्यवस्था चालवणारी मंडळीच बदलली. आरडाओरडा झाल्यावर त्यांतल्या काहींनी मते मागे घेतली. शेवटी जुन्या सभासदांतले बरेचसे जण बाहेर पडले आणि २० मार्च २०२० रोजी त्यांनी 'हाइव्ह' नावाची वेगळी व्यवस्था सुरू केली. लेखांच्या मतांपासून सुरू झालेला प्रश्न घर कोणाचे इथपर्यंत गेला.

टीव्हीचा पडदा आणि आपली मुले

हे सारे दूरचे वाटत असेल, तर मुंबईकडे या. भारतात टीव्हीवर कोणता कार्यक्रम किती पाहिला जातो, हे मोजण्यासाठी काही निवडक घरांत मीटर बसवतात. २०२० मध्ये अशी घरे सुमारे ४४ हजार होती, आणि टीव्ही असलेली घरे देशात सुमारे २० कोटी. भागाकार करून पाहा. मीटरचे एक घर साधारण साडेचार हजार घरांच्या वतीने बोलते. म्हणजे एका घराला थोडे पैसे देऊन एखादी वाहिनी दिवसभर लावून ठेवायला सांगितले, तर साडेचार हजार घरांचे मत पदरात पडते.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमका असा आरोप काही वाहिन्यांवर ठेवला. त्यांत मराठी वाहिनीचेही नाव आले. वाहिन्यांनी आरोप नाकारले, न्यायालयात ते सिद्ध झाले नाहीत आणि २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने खटला मागे घेण्यात आला. तेव्हा कोणाला दोषी म्हणायचा आमचा हेतू नाही. पण परिणाम पाहा. आरोप होताच मोजपट्टीवरचा विश्वास डळमळला. वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे थांबवले गेले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या सुमारे दीड वर्षात ज्यांनी मनापासून चांगल्या बातम्या दिल्या, त्यांच्याही कामाचे माप झाले नाही.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये बँकांच्या आकड्यांविषयी असाच विचार मांडला होता. एखाद्या मापावर बक्षीस किंवा शिक्षा ठरू लागली, की लोक मापाच्याच मागे लागतात आणि माप बिघडते. शाळेच्या मार्कांनाही हे लागू आहे, पण तो विषय काढला तर सिंगापुरात हा अंक जाडजूड होईल!

आता एक गोड उदाहरण. झी मराठीवरचा २००८-०९ चा 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' आईबाबांना नक्की आठवत असेल. (बालमित्रांनो, तेव्हा तुमचा जन्मही झालेला नव्हता.) त्यात महाअंतिम फेरीत पाच मुले होती : कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत. लोकांनी एसएमएसने मते द्यायची होती. असे एसएमएस नेहमीच्या संदेशापेक्षा महाग असत आणि एकाच माणसाने पुन्हा पुन्हा मत दिले तरी चाले. म्हणजे मतांत आवडही होती आणि मोबाइलमधला बॅलन्सही होता. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली.

पण पुढे काय झाले? लोक पाचही मुलांना विसरले नाहीत. पाचही जण गात राहिले आणि २०२१ मध्ये याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात ते पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीवर बसले. एसएमएसच्या आकड्याने एक विजेती निवडली. घराघरांतल्या ऐकणाऱ्यांनी बारा वर्षे पाचांनाही लक्षात ठेवले. पहिले काम एका रात्रीचे होते. दुसऱ्याला रियाझ लागला, आणि तो एसएमएसच्या बॅलन्सने होत नाही.

वाचक कमवायचा कसा?

वाचक मोजण्याआधी एक गोष्ट सांगतो. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या ओव्या रचत. १९५१ मध्ये त्या वारल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी उतरवून ठेवलेली ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचली, त्यांचे मोल ओळखले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. आज मराठी शिकणारे मूल कुठेही असो, बहिणाबाईंपर्यंत पोहोचतेच. त्या गाण्यांना सुरुवातीला हजार मते नव्हती. एक मुलगा होता ज्याने ऐकून लिहून ठेवले, आणि एक वाचक होता ज्याने नीट वाचले. तेव्हा तुमच्या लेखाला तीनच वाचक असतील तर खट्टू होऊ नका. ते तिघे कसे वाचतात ते पाहा.

बाकी कृती सोपी आहे, वेळ मात्र लागतो.

पहिले, आधी दुसऱ्याचे वाचा. "छान आहे" एवढे म्हणून थांबू नका. त्यातले नेमके काय आवडले ते सांगा. ज्याला तुम्ही असे सांगाल, तो तुमचा लेख शोधून वाचेल.

दुसरे, एका ओळखीच्या माणसासाठी लिहा. साताऱ्याच्या मावसभावाला पुंगोलची एलआरटी बिनड्रायव्हरची आहे हे माहीत नसते. पुढच्या खिडकीशी उभे राहिले की आपणच गाडी चालवतोय असे वाटते, हे त्याला सांगा. जे तुम्हाला रोजचे आहे, ते त्याच्यासाठी बातमी आहे. "माझा आवडता प्राणी" या विषयावर मात्र त्याच्याकडे तुमच्याइतकेच साहित्य आहे!

तिसरे, कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या. प्रश्न विचारणारा वाचक हा दहा मतांपेक्षा मोलाचा, कारण प्रश्न विचारायला आधी लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो.

चौथे, "मला मत द्या" असे न म्हणता "हे वाचून सांगा" असे म्हणा. दोन्ही विनंत्याच आहेत. पण पहिलीला वाचल्याशिवायही होकार देता येतो, दुसरीला येत नाही.

आपल्या अंकापुरते

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे, की आपल्या या अंकासाठी एक सूचना आली आहे. प्रत्येक अंकातला उत्कृष्ट लेख व्हॉट्सअॅपवर मते घेऊन निवडावा आणि त्या मुलाला पुस्तकांचे कुपन द्यावे. सूचना करणाऱ्या पालकांचा हेतू मुलांना हुरूप यावा हाच आहे, आणि हुरूप यायलाच हवा याविषयी आमचे दुमत नाही.

पण पुढे काय होईल ते आपण सगळे जाणतो. संध्याकाळपर्यंत "आमच्या चिंटूला मत द्या" असा संदेश पुणे, नागपूर, ठाण्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरेल. मामा, मावशा, सोसायटीतले शेजारी लेख न उघडता बोट दाबतील. कोणी पैसे देणार नाही, हे खरे. तरीही ज्याचे गोत मोठे, त्याचा निबंध चांगला, असे ठरेल. वर्गात अशीही मुले आहेत की ज्यांच्या घरी आई किंवा बाबा एकच जण मराठी बोलतो. अशा मुलाने शब्दकोश उघडून, आठवडाभर खपून सहा ओळी लिहिल्या, आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे दोन मते दिसली, तर सातवी ओळ तो लिहील का? हा वर्ग आपण चालवतो तो त्या सातव्या ओळीसाठी.

म्हणून आमची सूचना अशी. मते नकोत, पोच हवी. या अंकाच्या शेवटच्या पानावर कापून घेण्याची चिठ्ठी दिली आहे. तिच्यावर तीनच गोष्टी लिहायच्या : कोणता लेख वाचला, त्यातली कोणती गोष्ट लक्षात राहिली आणि लेखकाला एक प्रश्न. आपल्याच पाल्याच्या लेखाला पोच द्यायची नाही. ज्याला प्रश्न येईल, त्याला उत्तर लिहायला पुढच्या अंकात जागा मिळेल, आणि तेच बक्षीस. एकही लेख पोचेविना राहू नये म्हणून प्रत्येक लेखाला दोन वाचक आधीच नेमून द्यावेत, अशी विनंती आम्ही ताईंना केली आहे. आजी-आजोबांनी भारतातून फोनवर सांगितलेली पोच मुलांनी लिहून आणली तरी चालेल. लिहिण्याचा सराव आयताच होईल.

पालकांना ही पद्धत पटत नसेल, तर तसेही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहावे. चिठ्ठ्या पुढच्या शनिवारी वर्गाच्या दाराजवळच्या खोक्यात टाकायच्या आहेत.

आणि मोठ्या गटासाठी एक गणित. वर सांगितलेल्या गल्ल्यात बहुतेक सगळ्या घरांनी आपली कुपने काकांना भाड्याने दिली आहेत, त्यामुळे काकांकडे आता १,००० पैकी ९०० कुपने झाली आहेत. एका मुलाने त्यांना ५० डॉलर दिले, दुसऱ्याने ३०. तर या दोघांना प्रत्येकी किती डॉलर मिळतील? काकांच्या हातात किती पडतील? आणि ज्यांनी फक्त लेख लिहिला, अशा उरलेल्या १८ मुलांना मिळून किती उरतील? उत्तरे पोचेबरोबर आणावीत. रीतही दाखवावी, नुसता आकडा चालणार नाही.